चोरदरवाज्यावरचा गडी

लहानपणी ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्या गावावरच्या गडाचा दरवाजा सांजेला लागायचा आणि त्यामागचा लाकडी अडसर भिंतीच्या खोबणीतून सरकायचा. घोगरा, जड आवाज. म्हाताऱ्या बैलाने उसासा टाकावा तसा. आत असलेल्याला तो धीर देई आणि बाहेर राहिलेल्याला एकटे पाडी.

त्या गडावर एकदा एक तरुण येऊ लागला. संगणकावर बंदुकांच्या लढाईचा खेळ तो तयार करत होता आणि त्यात त्याला हाच गड हवा होता. गडाच्या वृद्ध राखणदाराला त्याने गुरू केले. गावाप्रमाणे तोही त्यांना आबा म्हणे.

गड खेळात हुबेहूब उतरला. शहरातली मुले दोन बाजू करून तो खेळून बघत. हल्ला करणारे पुष्कळ, राखणारे थोडे. हल्लेखोर सारखे जिंकू लागले की तरुण तट उंच करी. राखणारे जिंकू लागले की त्यांचा दारूगोळा कमी करी. असे करता करता पारडी सारखी झाली. मग त्याचा बालमित्र इंद्रजित राखणाऱ्यांत आला, मागच्या चोरदरवाज्यावर उभा राहू लागला आणि गड रोज पडू लागला.

एके दिवशी तरुण त्याला घेऊनच गडावर आला. इंद्रजित बुरूज बघायला गेला, तसा तो आबांच्या कानाशी लागला.

"आबा, हा फितूर आहे. हा दरवाजा सोडतो आणि नेमके तेव्हाच ते आत घुसतात. मी पडद्यावर सगळा गड वरून बघतो ना!"

"त्याला इचारलंस?"

"चोराला विचारून चोरी कळते का? उद्यापासून त्याला खेळातून काढतो. एका ताटात जेवलोय आम्ही, म्हणून तुम्हाला आधी सांगितले."

आबा उठले. लंगडत लंगडत ते त्याला दरवाज्याबाहेर घेऊन गेले. "हितंच थांब," म्हणाले, आत गेले, आणि त्यांनी दरवाजा लावला. अडसर सरकला.

तरुण चक्रावला. भर दुपारी आपल्याला बाहेर का ठेवले? त्याने फळीला कान लावला. आत कुजबुज चालली होती. इंद्रजित बुरुजावरून परतला असावा; त्याचा आवाज होता, मग आबांचा. "हळू रं," एवढेच कळले. मग दोघेही हसले. मग एकदम शांतता. तरुणाच्या मनात एकामागून एक गोष्टी उगवू लागल्या. हा आबांना काय सांगतोय? आबा का हसले? आधीपासूनच दोघांचे ठरलेले असेल का? त्याने दारावर मुठी आपटल्या.

"इंद्र्या! खेळ विकलास तो विकलास, आता आबांनाही फितवतोस?"

अडसर मागे सरला. दार इंद्रजितने उघडले. त्याच्या हातात एक छोटा चिमटा होता, खेड्यातली जुनी माणसे करगोट्याला अडकवतात तसला. आबा पायरीवर बसून टाच चोळत होते. शेजारी दगडावर बाभळीचा काटा पडला होता.

"काय ऐकलंस बाहेरनं?" आबांनी विचारले.

तरुणाची नजर त्या काट्यावर गेली.

आबा इंद्रजितकडे वळले. "लेकरा, खेळात तू चोरदरवाजा का सोडायचास?"

"समोरच्या बुरुजावरून आपली पोरे हाका मारायची, आबा. मेलो, मेलो म्हणायची. माझ्या दरवाज्यापाशी तर शत्रू दिसायचाच नाही. मी धावायचो."

"अरे, पण ते तेव्हाच मागून चढायचे!" तरुण म्हणाला.

"ते तुला वरून दिसायचे. माझ्यासमोर भिंत होती."

आबांनी तरुणाला जवळ बसवून घेतले. "पोरा, तू तट मोजलास, माणसं मोजलीस, दारूगोळा मोजलास. पर भिंतीआड हुभा असलेल्याला काय दिसत न्हाई, ते मोजलं न्हाईस. घारीवानी वरनं बघणाऱ्याला परत्येक चूक फितुरीच दिसती. आत्ता तू निस्ता फळीच्या पल्याड हुतास, तर काट्याचं कारस्थान केलंस. त्या दरवाज्यावर त्याला एक जोडीदार दे, तुझा खेळ सावरंल. एकटा माणूस हाक आली की धावणारच. हाक ऐकूनबी ज्याचा पाय हालत न्हाई, त्याचा संशय घ्यावा."

तरुणाचे डोळे भरून आले. तो उठला.

"इंद्र्या..." त्याने हाक मारली.

इंद्रजितने चिमटा सदऱ्याला पुसला आणि आबांच्या हातात ठेवला. वाकून त्यांची टाच एकदा बघितली. मग उघड्या दरवाज्यातून तो गडाच्या पायऱ्या उतरू लागला. तरुणाने पुन्हा हाक मारली. खालच्या वळणापर्यंत इंद्रजित दिसत होता. हाकेला धावणारा तो या हाकेला मागे वळला नाही.