धाकटी जाऊ

"मग तू तिला काय उत्तर दिलंस?" अण्णा मुतालिकांनी विचारलं.

"तुम्हीच शिकवलेलं," विश्राम म्हणाला. "छापण्याआधी मजकूर कुणालाही दाखवत नाही."

अण्णांनी मान डोलावली. सांगलीतल्या एका दैनिकाचं संपादकपद सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. मोतीबिंदूमुळे आता वाचनही सुटलं होतं. त्यांच्या हाताखाली बातमी लिहायला शिकलेल्या पोरांत विश्राम तोडकर सगळ्यांत तल्लख. आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

करंजघोळच्या तानूबाई या म्हाताऱ्या सुइणीवर त्याने रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला होता. लेख गाजला, त्याला पुरस्कारही जाहीर झाला. मुलाखत संपली तेव्हा तानूबाईंनी एवढंच म्हटलं होतं, की मला वाचता येत नाही, छापायच्या आधी एकदा वाचून दाखव. विश्रामने त्यांना नियम सांगितला. जरा ताठ्यातच.

आता तानूबाईंच्या पुतण्याचा फोन आला होता, लेखात चूक झाल्याचा. मुलगी झाली म्हणून आईने तिला अंगावर पाजलं नाही, आणि आठव्या दिवशी ते बाळ गेलं... ही हकिकत तानूबाईंनी आपल्या थोरल्या जावेची सांगितली होती. ती केव्हाच वारली. विश्रामच्या वहीत नुसतं 'जाऊ' एवढंच होतं. लिहायला बसल्यावर त्याने धाकटी धरली, आणि तिच्याच नावाने ते छापून आलं.

धाकट्या हौसाबाई हयात होत्या. लेख त्यांच्या नातीनेच त्यांना वाचून दाखवला. तानूबाईंबरोबर एका चुलीवर पस्तीस वर्षं काढलेल्या त्या बाईने त्याच दिवशी चूल वेगळी मांडली.

"चुकीची दुरुस्ती छापतोच आहे," विश्राम म्हणाला. "पण नियम बरोबरच होता ना, अण्णा?"

"बरोबरच होता. लेख वाच बघू. मोठ्याने."

विश्राम सराईतपणे वाचू लागला. मध्ये शहरातल्या एका नामांकित डॉक्टरांचं मत होतं. ते संपताच अण्णांनी हात वर केला.

"फार नेटकं बोलतात हे. असेच बोलले?"

विश्रामने पेपर जरा खाली घेतला.

"नाही..." तो म्हणाला. "त्यांनी छापण्याआधी बघायला मागितलं होतं. नाही म्हणायची छाती झाली नाही, मी पाठवलं. त्यांनी दोन वाक्यं बदलून दिली."

"पुढे वाच."

तो वाचू लागला, पण आवाज मघासारखा राहिला नव्हता. चार ओळींनंतर हौसाबाईंबद्दलचं वाक्य आलं, आणि त्याची जीभ अडली. हजारो घरांत गेलेलं ते वाक्य इथे एका म्हाताऱ्यासमोर तोंडातून निघेना.



"वाचवत नाही," विश्राम म्हणाला.

"का? इथे तर हौसाबाई नाहीत."

नियम ऐकल्यावर तानूबाई काय म्हणाल्या होत्या, ते विश्रामला आठवलं. 'आसंल बाबा, तुमचं तुमास्नी ठावं.' वर त्याला गूळपाणी दिलं होतं. तो ते पिऊन आला होता.

"लेखणी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, एवढाच तो नियम," अण्णा म्हणाले. "तिचं बोलणं तिलाच परत विचारायला कुणी अडवलं होतं?"

विश्रामने खाली पाहत पेपराची घडी घातली. ती नीट बसेना. पुन्हा उलगडून घातली. मग तो म्हणाला, की उद्या पहिल्या एसटीने करंजघोळला जातो. आधी हौसाबाईंच्या दारात उभा राहतो, चूक माझी आहे, तानूबाईंची नाही, हे सगळ्यांदेखत सांगतो. मग तानूबाईंकडे जातो. त्या घरात घेतील न घेतील.



तो पायऱ्या उतरला. फाटकापाशी थांबला, परत आला.

"अण्णा, दर वेळी सगळ्यांना पुन्हा विचारायला वेळ नसतो. मग आधी कुणाला विचारायचं?"

अण्णांनी डोळे मिटले.

"ज्याची भीती वाटत नाही, त्याला."