रस्त्याकडची ओळ

एकदा एका वृद्ध बागायतदाराकडे त्यांची शिष्या धापा टाकत आली. शेतीची पदवी घेतलेली ही मुलगी वडिलांची एकरभर द्राक्षबाग दोन वर्षं तणनाशकाविना सांभाळत होती. आज मात्र तिच्या पिशवीत तणनाशकाची बाटली होती. सील अजून फोडलेलं नव्हतं.

"तात्या, हरले मी," ती म्हणाली. "या हंगामात दोन खुरपण्या झाल्या. दर वेळी सहा बाया, तीन-तीन दिवस. तिसरी परवडत नाही. उद्या फवारते. दोन वर्षं पाण्यात जातील, पण दुसरा मार्गच दिसत नाही."

तात्या तिला घेऊन बागेच्या कडेला आले. त्यांच्या बागेत दोनच बाया खुरपायला आल्या होत्या. त्यांना ते म्हणाले, "रस्त्याकडच्या ओळीला आज हात लावू नका. थेट आत जा."

शिष्या चमकली. त्या पंचक्रोशीत खुरपणी सुरू होते ती रस्त्याकडच्या ओळीपासूनच. येणारा-जाणारा तेवढी ओळ पाहतो आणि बागेची परीक्षा करून मोकळा होतो. इथे तर गुडघाभर गवत!

"अहो तात्या," त्या दोघींतली गजराबाई खुरपं नाचवत म्हणाली, "लोकं म्हणतील, म्हातारा झोपला!"

"म्हणू देत की. झोपलेल्याला सल्ला द्यायला कुणी थांबत नाही."

मग त्यांनी शिष्येला आत नेलं. प्रत्येक वेलीचा बुंधा हातभर मोकळा होता. दोन ओळींमधलं गवत विळ्याने कापून बुंध्याशी अंथरलेलं होतं.

"खुरपणं महागच, पोरी. ते तणनाशकापेक्षा स्वस्त पडतं असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नकोस. पण खर्च कशाचा होतो, ते तरी पाहा. वेलीच्या तोंडचा घास काढतं ते बुंध्याजवळचं तण. मधलं गवत कापलं तरी पुरतं. तू मात्र अख्खी बाग अंगणासारखी लख्ख करतेस. का?"

ती हळूच म्हणाली, "लोक नावं ठेवतात. 'एवढी शिकली, आणि बागेचं रान केलं.' रस्त्यावर मोटारसायकल थांबली, की मी बायांना आधी त्या ओळीला लावते."

"म्हणजे सहांतल्या दोघी वेलींसाठी राबत होत्या, आणि चौघी रस्त्यासाठी. हे उमगायला मलाही वीस वर्षं लागली. त्या ओळीचे बुंधेही मी मोकळे करीन, पण सगळ्यांत शेवटी. लोकांचं बोलणं तिथेच उरकतं. आत मग मी आणि वेल, दोघंच."

शिष्येने बाटली दुकानात परत केली.

दुसऱ्या दिवशी दोन बायांना घेऊन ती बागेच्या मधल्या ओळीत बसली. थोड्याच वेळात रस्त्यावर मोटारसायकल थांबली.

"काय ताई, यंदा बाया मिळाल्या नाहीत वाटतं?"

तिच्या हातातलं खुरपं थबकलं. मग आतूनच, जरा मोठ्याने, ती म्हणाली,

"मिळाल्या की! आत आहेत, वेलींपाशी."

आणि खुरपं पुन्हा चालू लागलं.