केरबाची बिडी आणि धुरातल्या माश्या

एका गावात केरबा नावाचा मध काढणारा होता. दोर बांधून उंच झाडावर चढावं, पोळ्याला पाल्याचा धूर द्यावा, माश्या गप्प झाल्या की पोळं कापावं, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दमा मात्र त्याला लहानपणापासूनचा. आणि त्यात या गृहस्थाला बिडी ओढायची हौस! आता काय म्हणावं?

बायको चंद्रा ओरडली की तो म्हणायचा, "अगं, धुराने माश्या शांत होतात. छातीतली घरघरही तशीच शांत होते." गाववाले माना डोलवायचे. एवढा जाणता माणूस, तो चुकेल कसा?

दमा वाढला. केरबाने दही सोडलं, केळी सोडली, घरातलं गरीब मांजरसुद्धा हाकललं. बिडी तेवढी सोडली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडाने ओढायचा पंप दिला आणि बजावलं, "दम्याने श्वासनळी आतून सुजते. धुराने ती आणखी सुजते, आणि मग हे औषधही नीट लागू पडत नाही. आधी बिडी टाका." पठ्ठ्याने पंप ओढला, वर बिडी ओढली, आणि महिन्याभराने पंपच खोटा म्हणून गावभर सांगत सुटला!

एके दिवशी झाडावरच त्याचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. चौघांनी दोराने कसंबसं खाली उतरवलं. तीन दिवसांनी दवाखान्यातून घरी आला, ओट्यावर टेकला आणि खिशातून काय काढलं? बिडी! म्हणाला, "जरा शांत वाटतं गं."

चंद्राचं डोकंच फिरलं. "कोण शांत होतं हो धुराने? जन्म गेला माश्यांत आणि एवढं कळलं नाही? धूर आला की माशीला वाटतं, घराला आग लागली. घाबरून ती मिळेल तेवढा मध पिते आणि टम्म फुगते. त्याला तुम्ही शांत म्हणता? तुमची नळीही आत तशीच फुगून बसलीय!"

धुरातल्या फुगलेल्या माश्या केरबाने हजारदा स्वतःच्या हाताने बाजूला सारल्या होत्या. तो ओट्यावरून उठला. बिडीचं बंडल त्याने उकिरड्यावर फेकलं.

पुढे तोच पंप लागू पडला. घरघर कमी झाली. पण झाडावर चढण्याइतकी छाती काही परत आली नाही. आता दुसरे लोक पोळं काढतात आणि केरबा खाली उभा राहून वर बघतो. वीस वर्षं सांगत होती हो चंद्रा!

तात्पर्य: दमेकऱ्याने आधी बिडी सोडावी, दही-केळ्यांचं मग बघावं, आणि आपल्या व्यसनाला आपल्याच शहाणपणाची साक्ष काढू नये.