राजाचा केर आणि ठकूचा भोपळा

एक होता सोनवटगड. गडावर राजा सूर्याजी. गडाखाली भिवा पखाली, त्याची लेक ठकू आणि त्यांचा रेडा काळोबा. राजाला स्वच्छतेचं भारी वेड. महालात वाळकं पान पडलेलं खपायचं नाही. रोज सकाळी सगळा केर टोपल्यांत भरायचा आणि कड्यावरून खाली लोटायचा. झालं, राज्य स्वच्छ!

कड्याखाली एक झरा होता. त्याचंच पाणी भिवा कातड्याच्या पखालीत भरी, काळोबाच्या पाठीवर लादी आणि गडावर नेई. राजा तेच पाणी पिई.

एका आषाढात काळोबानं झऱ्याला तोंड लावलं आणि लगेच मागं घेतलं.

ठकू म्हणाली, "बा, रेडा पीत नाही ते पाणी राजाला नेऊ नकोस."

"रेड्याचं ऐकून राजाला तहानलेला ठेवू होय?" असं म्हणून भिवा गेला पाणी घेऊन.

दुसऱ्या दिवशी राजाच्या पोटात असा मुरडा उठला, की दरबार भरला तो परसाकडच्या वाटेवर! तिथूनच राजा ओरडला, "भिवा! माझं पाणी कुणी नासवलं? उद्या चोर उभा कर, नाहीतर रेड्यासकट राज्यातून चालता हो!"

भिवा रडतच घरी आला. आजा-पणजा याच झऱ्यावर पाणी भरत आलेले. आता जायचं कुठं? ठकूनं डोक्यावर पदर घेतला आणि गडाची वाट धरली.

"चोर सापडला का गं?" राजानं विचारलं.

"सापडला, महाराज. धरायची तेवढी पंचाईत आहे."

"का? पळतो?"

"छे! बसून असतो. सिंहासनावर."

दिवाणजींना ठसका लागला. राजा लालबुंद झाला. "माझा केर मी बाहेर टाकतो! गडाच्या बाहेर!"

"बाहेर म्हणजे आमच्या अंगणात. तिथून तो जातो झऱ्यात, झऱ्यातून पखालीत, पखालीतून आपल्या तांब्यात. फार इमानी केर आहे, महाराज! रोज घरी परत येतो."

"अस्सं? मग तूच लाव त्याची वाट! पण ऐक. केर राज्यात राहायचा नाही. राज्याबाहेर जायचा नाही. जाळायचा नाही, धुरानं मला शिंका येतात. पाण्यात सोडायचा नाही. दिवाळीला मी स्वतः बघायला येईन. काडी जरी सापडली, तरी तुमचं बिऱ्हाड उचललं म्हणून समज!"

ठकू खाली आली. काळोबावर केर लादून आधी वेशीपलीकडं गेली. शेजारच्या राजाचा शिपाई म्हणाला, "बाई, इथं केर टाकलास तर लढाई होईल." ठकू म्हणाली, "नको, लढाईचा केर आणखी निराळा." आणि परत फिरली.

मग तिनं अंगणात टोपल्या उपड्या केल्या आणि एकेका जिन्नसाला गिऱ्हाईक शोधू लागली. चिंध्या शेजारच्या रखमानं नेल्या. फुटक्या खापऱ्या कुंभारानं कुटून मातीत मिसळल्या. राख गावातल्या बायांनी भांडी घासायला वाटून घेतली. साली-देठं काळोबानं आवडीनं खाल्ली. उरलंसुरलं आणि काळोबाचं शेण तिनं पाल्यासकट खड्ड्यात घातलं. गांडुळांना आवतण दिलं नव्हतं, तरी पंगत बसली! खड्ड्याच्या कडेला ठकूनं भोपळ्याच्या बिया टोचल्या.

राहिला एकच जिन्नस. राजानं त्या साली भिंती पिवळ्याधमक रंगवल्या होत्या, त्या हरताळ नावाच्या रंगाचा, भांड्यांतून खरवडलेला लगदा. कोंबडी त्याच्याजवळ जाईना. गवतावर ठेवला, तर गवत करपलं. कुंभार म्हणाला, "माझ्या दारात नको गं, विष आहे ते!" ठकूनं तो मडक्यात भरला, तोंड घट्ट बांधलं आणि मडकं फळीवर ठेवलं. काही दिवसांत काळोबा झऱ्याचं पाणी पुन्हा घटाघटा पिऊ लागला.

दिवाळीला राजा दिवाणजींना घेऊन आला. अंगण बघितलं, परस बघितलं, रेड्याच्या पोटाखाली वाकून बघितलं.

"कुठाय माझा केर?"

"आधी जेवा तरी, महाराज."

जेवायला भाकरी, भोपळ्याचं भरीत आणि गरमागरम घारगे. राजा मऊ वाकळेवर मांडी घालून बसला आणि घारगे संपेपर्यंत मागत राहिला. शेवटी ढेकर दिला. "आता बोल!"

"चिंध्यांवर आपण बसलाय, ती ही वाकळ. खापऱ्यांच्या गाडग्यातलं पाणी आपण प्यायलात."

"आणि बाकीचा?"

"तो राज्यात नाही, राज्याबाहेर नाही."

"मग कुठं?"

"महाराजांच्या पोटात. भोपळा त्यावरच पोसलाय!"

राजाचा हात पोटावर गेला. त्यानं दिवाणजींकडं बघितलं. दिवाणजींनी बराच विचार केला. "पोट महसूल देत नाही, तेव्हा ते राज्यात धरता येणार नाही. आणि महाराज इथंच बसलेत, तेव्हा बाहेरही म्हणता येणार नाही. पोरीचं बरोबर आहे."

ठकूनं फळीवरचं मडकं काढून राजापुढं ठेवलं. "हे मात्र कुणीच घेईना, महाराज. माती नाही, गांडूळ नाही, माणूस नाही. आपलं आपण न्या. उशाशी ठेवा."

"उशाशी? अगं, हरताळ ते! विष!"

"आषाढात आपण यालाच केर म्हणत होतात. वर होतं तेव्हा रंग, खाली टाकलं की केर, आणि उशाशी आलं की विष?"

राजानं मडक्याकडं बघितलं. मग त्याच्या मिशा हलल्या आणि तो असा खदाखदा हसला, की काळोबा दावं तोडून उभा राहिला! "दिवाणजी, मडकं मोहोरबंद करून माझ्याच तळघरात ठेवा. भिंती रंगवा चुन्यानं. जे कुणी परत घेत नाही, ते यापुढं गडावर चढवायचं नाही! आणि ठकू, तुला काय हवं ते माग."

"कड्याखालचं रान द्या, महाराज. आणि आपला केर."

राजानं दोन्ही दिलं, वर काळोबाला जोडीदार दिला. तेव्हापासून भिवा गडावर पाणी चढवी आणि येताना केराच्या टोपल्या उतरवी. आणि कड्याखाली ठकूच्या मांडवावर भोपळे असे लगडत, की राजाचा आचारी स्वतः खाली येऊन बांधावर बसून राही.