ठकूबाईच्या नावाची हाक

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं किती ते मला विचारू नका, माझ्या आजालाही ते ठाऊक नव्हतं, माळशिवे गावात सगळ्या गावाचं मिळून एकच गुऱ्हाळ होतं. ज्याची पाळी त्याचा ऊस, आणि राबायला बारा माणसं. कुणी बैल हाकी, कुणी चरकात ऊस घाली, कुणी चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घाली, कुणी काहिलीत उकळणाऱ्या रसावरची मळी काढी. आणि या बारा जणांच्या वर एक गुळव्या. पाक कधी झाला, काहील कधी उतरवायची, हे तो सांगणार. त्याचं नाव सिदोजी.

सिदोजीचा बाप गुळव्या, आजा गुळव्या. काहिलीशेजारी एक सपाट दगड होता, त्यावर फक्त तो बसायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघायचं असतं. सिदोजी ती गोळी धोतराच्या सोग्याआड धरून बघायचा, न जाणो कुणी शिकलं तर! मधे कुणी तोंड उघडलं की म्हणायचा, "गुळव्या तू का मी?" झालं, माणसं गप्प बसायला शिकली. ढेप चिकट झाली तर दोष उसाचा, नाहीतर बैलांचा, नाहीतर अमावास्येचा. सिदोजीचा कधीच नाही. होता होता माळशिव्याच्या गुळाची अशी ख्याती झाली की शेजारच्या गावचे लोक म्हणायचे, तुमचा गूळ पोत्यात नको, घागरीत घालून द्या.

त्यात एका वर्षी जाळ घालणारा गडी साथीत गेला, आणि त्याची बायको ठकूबाई त्याच्या जागी चुलवाणाशी येऊन बसली. तीन हंगाम ती खाली जाळापाशीच होती. वर काहिलीत काय चाललंय ते तिला दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. असं म्हणतात, रसाच्या रटरटण्यावरून ती सांगायची की ऊस कुठल्या मळ्यातला, आणि कालचा तोडलेला का आजचा. सांगायची म्हणजे आपली मनातल्या मनात. तिला विचारतंय कोण?

मग एका माघात सिदोजीला हिवतापाने धरलं. तोडलेला ऊस काही कुणाचा ताप उतरायची वाट बघत नाही. पाटील म्हणाले, "ठकूबाई, आठ दिवस तू बघ."

तिने काय करावं? दगडावर बसलीच नाही ती. काहिलीभोवती फिरली आणि एकेकाला विचारत सुटली, "तुला काय दिसतं रे? तुला काय वाटतं गं?" माणसं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी बैल हाकणारा भीतभीत म्हणाला की नदीकडचा ऊस खारट उतरतो, तो वेगळा गाळावा. मळी काढणारी म्हातारी म्हणाली, "माझ्या माहेरी रसात रानभेंडीचं खोड घुसळतात. मळी आपसूक वर येती." वीस वर्षं ही गोष्ट त्या म्हातारीने पोटात ठेवली होती, बघा! ठकूबाईने दोन्ही करून पाहिलं. स्वतःच्या डोक्याने तिने चुलवाणाला मागून धुराची वाट काढून दिली, तशी निम्म्याच चिपाडाच्या जळणात काहील उकळायला लागली. आणि तिने सगळ्यांना एक सांगून ठेवलं, "ज्याला काही खटकंल त्यानं काम थांबवायचं. का थांबवलंस म्हणून कुणी डोळे वटारणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. थांबवलं मात्र कुणीच नाही. इतक्या वर्षांची सवय आठ दिवसांत कशी जाणार?

पण गूळ! असं म्हणतात, त्या आठ दिवसांतली ढेप उन्हात धरली तर तिच्या आरपार पलीकडचा माणूस ओळखू यायचा. तीन कोसांवरून मुंग्या रांग लावून यायच्या, आणि मधली चार गुऱ्हाळं ओलांडून यायच्या.

ताप उतरल्यावर सिदोजी काठी टेकत आला. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने ढेपेचा एक कपचा तोंडात टाकला. जन्मात असा गूळ आपल्या हातून झालेला नाही, हे त्याच्या जिभेने त्याला तिथल्या तिथे सांगितलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर एक वेळ चाललं असतं. पण गावभर तेच चाललं होतं, ठकूबाईचा गूळ, ठकूबाईचं चुलवाण. सिदोजीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ठकूबाईने त्याला पाहिलं आणि हात पुसत पुढे आली. "दादा, आलात व्हय! वासाला तुमच्यासारखं नाक नाही गावात. उद्यापासून माझ्याशेजारी उभे ऱ्हावा." अगदी मनापासून बोलली हो ती. तेच त्याला जास्त झोंबलं. तिने तोंडावर दोन शिव्या हाणल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी भाकरी गोड लागेना. बायकोला, कोंडाबाईला म्हणाला, "पोटात दुखतंय." ती चुलीवरून मानसुद्धा न वळवता म्हणाली, "ओवा खा. अन् ओव्यानं ऱ्हायलं नाही, तर कशानं दुखतंय ते मला ठाऊक हाय."

पाटलांनी काहील ठकूबाईकडेच ठेवली, आणि सिदोजी मनातल्या मनात जळत तिच्याशेजारी उभा राहायला लागला. पुढे माळाईदेवीची जत्रा आली. जत्रेत सात गावांच्या ढेपा देवीपुढे मांडायच्या, आणि जिची उत्तम ठरेल त्या गावाने वर्षभर देवीच्या नैवेद्याचा गूळ करायचा. माळशिव्याच्या ढेपेकडे कित्येक वर्षं पुजारी बघतसुद्धा नव्हता. पाटलांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा आपली ढेप उत्तम ठरली तर ठकूबाई कायमची गुळव्या. अन् यंदाबी नाक कापलं गेलं, तर चुलवाण विझवायचं. आपला ऊस जाईल शेजारच्या गावाला."

आता चुलवाण विझलं म्हणजे बारा घरांच्या चुली विझल्या, हे शेंबड्या पोरालाही कळेल. सिदोजीला कळलं नाही. त्याच्या कानात फक्त 'कायमची गुळव्या' एवढंच घुमत राहिलं. पाटील काय, बोलतात तसं करतात थोडंच! एकदा तिची ढेप फसली की माझ्याच पाया पडत येतील, असा त्याने हिशेब केला.

त्याच्या आजाने एक गोष्ट त्याच्या कानात सांगितली होती. रस आंबट पडला तर कितीही आटवा, गूळ धरत नाही. त्यावरचा उताराही सांगितला होता. हे दोन्ही गावात फक्त सिदोजीला ठाऊक होतं.

जत्रेची ढेप करायच्या दिवशी सकाळी सगळे बैल बदलायच्या गडबडीत होते. सिदोजीने मूठभर चिंचेचा कोळ रसाच्या हौदात सोडला आणि हात चिपाडाला पुसले.

रस काहिलीत चढला. रानभेंडीने मळी वर आली, म्हातारीने ती काढली, रस कसा सोन्यासारखा दिसायला लागला. आता आच चढवायची. एकदा आच चढली की झालेलं परतवता येत नाही. ठकूबाई तिच्या रीतीप्रमाणे काहिलीभोवती फिरली. "थांबवायचंय का कुणाला?" बैलवाला नाही म्हणाला, म्हातारी नाही म्हणाली, सगळे नाही म्हणाले. पण ठकूबाईचा पाय अडत होता. रसाचा आवाज तिला परका वाटत होता, का ते कळत नव्हतं. ती सिदोजीसमोर येऊन उभी राहिली.

"दादा, माझं मन धजत नाही. तुम्ही सांगाल तसं. चढवू आच?"

आलं का ध्यानात? सगळं त्याच्या एका शब्दावर आलं. 'चढव' म्हणाला की दगड त्याचा, मान त्याचा. बारा जणं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याच्या मनात आलं की आपण इतकी वर्षं हा मान मागून घेतला, हिला तो न मागता मिळाला. हिला माणसं भीत नाहीत. त्याला त्या क्षणीही तिचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. पण मग त्याला म्हातारीचे मळीने माखलेले हात दिसले, आणि तिच्या घरची विझलेली चूल दिसली. तो 'चढव' म्हणायला गेला आणि तोंडून भलतंच निघालं.

"ठकूबाई!"

नुसतं नाव. पण असं म्हणतात, ती आरोळी सात गावांच्या शिवेपर्यंत गेली, बैल जागच्या जागी गुडघ्यांवर बसले, आणि चुलवाणातला जाळ कुणी पाणी न ओतता खाली बसला.

ठकूबाईने 'का' म्हणून विचारलं नाही. रस बिघडलाय, एवढं तिला त्या हाकेतच कळलं. तिने एवढंच विचारलं, "काय घालू?"

"चुन्याची निवळी," सिदोजी म्हणाला. "दोन तांबे. मी दावतो." आणि आजाने कानात सांगितलेलं ते त्याने बारा जणांना, सोगा बाजूला करून, मोठ्याने सांगितलं.

त्या दिवशीची ढेप अशी धरली की पुजाऱ्याने ती फोडायला तीन पहारी वाकवल्या म्हणे. नैवेद्याचा मान माळशिव्याला मिळाला. सिदोजीने आपण होऊन पाटलांना चिंचेचं सांगितलं. पाटील लाल झाले, म्हणाले, "काढा ह्याला गावाबाहेर!" तेव्हा ठकूबाई मधे पडली. "पाटील, आजवर कुणी काम थांबवलं नव्हतं. ह्यांनी थांबवलं. आता ह्यांना हाकललं तर पुन्यांदा कुणी तोंड उघडंल का?" पाटलांनी हुकूम मागे घेतला.

मग सिदोजीचा मत्सर गेला का? छे! कुठला जातोय! मरेपर्यंत तिच्या प्रत्येक ढेपेला तो नाक मुरडायचा. पण रोज तिच्याशेजारी उभा राहायचा, आणि काही खटकलं की तिच्या नावाने बोंबलायचा. बाकीचेही त्याचं बघून ओरडायला शिकले.

असं म्हणतात, म्हातारपणी हंगामाच्या शेवटच्या काहिलीच्या वाफेत ठकूबाई शिरली, आणि वाफ विरली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. काही जण सांगतात की ती घरी गेली, झोपली आणि वारली. त्यांना सांगू द्या. मी वाफेचं खरं मानतो.

माळशिव्यात अजून तीच रीत आहे. गुऱ्हाळावर कुणीही, अगदी काल कामाला लागलेल्या माणसाने, "ठकूबाई!" म्हणून हाक दिली की चरक थांबतो, जाळ ओढून घेतात, आणि आधी 'का' असं कुणी विचारत नाही. हंगामाच्या पहिल्या काहिलीला, काही बिघडलेलं नसलं तरी, एकदा ती हाक द्यावीच लागते. ती द्यायचा मान सिदोजीच्या घराण्याकडे आहे. सगळा गाव टोप्या काढून उभा राहतो, त्या घरचा माणूस पुढे येतो, आणि असं म्हणतात, आजवर त्यांच्यातल्या एकानेही तोंड वाकडं केल्याशिवाय ते नाव घेतलेलं नाही.