रोजच्या वाटेची सायकल

परिचारिका वत्सला इंगवले यांना रोज अकरा किलोमीटर सपाट रस्त्याने रुग्णालय गाठायचे होते. साठवलेल्या पैशांत एकच सायकल येणार होती. निवड चुकून उशीर होऊ लागला, तर नोकरीही जाईल, अशी त्यांना धास्ती होती. सायकलच्या दुकानात त्यांनी सपाट रस्त्यासाठीच्या हलक्या हायब्रिड सायकलला हात लावताच दुकानदार खंडेरावशेठ तुच्छतेने हसले.

“ताई, ही जाड टायरांची, वजनदार माउंटन बाइक न्या. उद्या डोंगर चढायची वेळ आली, तर ती नाजूक बाहुली काय करणार?”

वत्सलाबाई म्हणाल्या, “शेठ, लग्नात शालू लागतो, म्हणून तुमच्या घरी रोज शालू नेसूनच भांडी घासतात का?”

गल्ल्यावर बसलेल्या शेठच्या पत्नी खुदकन हसल्या. “अहो, ऐकलंत ना? भरा हायब्रिडमध्ये हवा!”