अंगावर घेणारी

“भिंत हो, नाहीतर काटे घे. पण काहीतरी हो बाई एकदाची,” तलवार म्हणाली. “ती कुपी बघ कशी गळतेय.”

ढाल वेशीसमोरच्या धुळीत पालथी पडली होती. तिनं तशीच पडल्यापडल्या उत्तर दिलं, “दोन्ही नको म्हणून सकाळपासून सांगतेय. धार आली आणि कान गेले का तुझे?”

“ऐकलंस?” तलवार मशालीकडे वळली. “फाटा निवडायला आणलं हिला, तर ही नवेच फाटे फोडत बसलीय.”

मशालीनं ऐकलं नव्हतं. ती लांबच्या डोंगराकडे बघत होती.

त्या राज्यात कुणाला नुसतं असून चालत नसे. जो जीव तिथं येई त्याला पहिल्या वेशीपाशी उभं राहावं लागे. वेस विचारी, “तू काय करतेस?” जे उत्तर येई त्यावरून ती पेशा देई आणि पेशाप्रमाणे अंग बदलून टाकी. कुणी मारणारी, कुणी राखणारी, कुणी बरं करणारी, कुणी उजेड पाडणारी. एकाच पेशाच्या जिवाला एकट्यानं जगता येऊ नये, अशी तिथली व्यवस्थाच होती. म्हणून पुढची वाट सगळ्यांनी सोबतीनं चालायची. वाटेत श्वापदं असत. त्यांच्याशी झुंजत, जखमा खात, पायऱ्या चढत ही सोबत दुसऱ्या वेशीशी पोचे. तिथं प्रत्येक पेशाला दोन फाटे फुटत. एक धरला की दुसरा कायमचा बुजे. सोबतीतल्या प्रत्येक पेशेवालीनं आपला फाटा धरला, की मगच वेस उघडे. वारा, पाणी, चिमण्या यांना पेशा नव्हता. ती खुशाल आरपार जात आणि वेस त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे.

बाकी तिघींनी त्या सकाळी आपापला फाटा धरला होता.

तलवारीला रुंदी किंवा धार घ्यायची होती. तिनं धार घेतली. ती इतकी लखलखीत झाली की तिचं जुनं म्यान पहिल्याच स्पर्शाला उभं चिरलं आणि त्याच्या दोन फाका रस्त्याकडेला पडल्या. तेव्हापासून ती उभीच होती. आडवी होईल तिथली जमीन कापली जाई. याबद्दल ती कुणाशी काही बोलली नाही.

मशालीपुढं ऊब आणि पल्ला होते. तिनं पल्ला घेतला. आता तिचा उजेड कोसावरच्या झाडांची पानं दाखवी आणि तिच्या पायाशी अंधार आणि गारठा असे.

कुपी बरं करणारी. तिच्यापुढं खोल पोट होतं आणि चोच होती. तलवार नेहमी पुढं धावे, तिच्यापर्यंत औषध पोचावं म्हणून कुपीनं लांब चोच घेतली. चोचीला लागणारी काच वेशीनं तिच्याच पोटातून ओढून काढली. पोट पातळ झालं आणि त्याला बारीक चीर गेली. तिथून औषधाचं पाणी थेंब थेंब गळू लागलं. वेशीपलीकडे काचेची भट्टी होती, तिथं अशी चीर सांधून मिळे. पण आतलं पाणी संपायच्या आत पोचायला हवं होतं. औषधाच्या पाण्यात जुनं पाणी थोडं तरी असेल तरच नवं धरे. ते जुनं पाणी पार सांडून गेलं की कुपी नुसती काच.

म्हणून तलवार ओरडत होती, आणि तिचं चुकत होतं असंही नाही.

“दोनच आहेत,” वेस म्हणाली. हजारदा म्हटलेलं म्हणावं तशी ती बोले. “भिंत घेतलीस तर उंच होशील, जागची हलणार नाहीस, मागं आख्खं गाव बसेल. काटे घेतलेस तर मारील त्याच्याच हाताला भोक पडेल. दोन्हीत मान आहे.”

“मान मला चिकार मिळालाय,” ढाल म्हणाली. “ही पाठ बघ. एकेक खड्डा मानाचाच आहे.”

ते खरं होतं. श्वापद दिसलं की ढाल पुढं होऊन त्याला हाक मारी, डिवची, त्याचा सगळा राग आपल्याकडे ओढून घेई. श्वापद तिच्यावर तुटून पडलं की तलवार बाजूनं घुसे. जिंकल्याचं नाव तलवारीचं होई. मारणारीचंच होतं नेहमी. पुढं पुढं तर श्वापद नसतानाही कुणाचं काही बिनसलं, की ते ढालीवर येऊन आपटे. वाट चुकली, ढालीमुळं. पाऊस लांबला, ढालीमुळं. राग कुठं ठेवायचा, हा प्रश्न त्या सोबतीत कुणाला कधी पडला नाही.

ढालीची आतली बाजू एकट्या कुपीला माहीत होती. मुक्काम पडला की ढाल दगडाला टेकून तिरपी उभी राही आणि कुपी तिच्या पोकळीत अंग चोरून बसे. मूठ केव्हाच झिजून गेली होती, आतली गादीही. तिथं वारा लागत नसे.

“आक्का,” कुपी आता म्हणाली. तिचा आवाज रिकाम्या भांड्यासारखा घुमत होता. “काटे घे. भिंत नको होऊस. भिंत माझ्याबरोबर कशी चालेल?”

“आणि काटे घेतले तर तू टेकशील कुठं?”

कुपीनं विचारलं, “मग तुला हवंय तरी काय?”

असं ढालीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मशालीनंसुद्धा डोंगरावरून नजर काढली.

“पहिल्या वेशीच्या आधी मी परात होते,” ढाल म्हणाली. “डोंगरात एका झऱ्याखाली पडलेली. कुणी आणून ठेवली, माहीत नाही. वरून पाणी पडायचं, पानं पडायची, कधी एखादं फूल. ऊन तर रोजच पडायचं. मी भरायचे, सांडायचे, परत भरायचे. चिमण्या पिलांना घेऊन यायच्या. माझ्या कडेवर त्यांची नखं वाजायची. ते अजून ऐकू येतं मला, तुम्ही सगळ्या भांडायच्या थांबलात की.”

“मग निघालीस कशाला तिथून?” मशालीनं विचारलं.

“झरा आटला. निघावंच लागलं. पहिल्या वेशीनं विचारलं, तू काय करतेस? मी मान वर करून सांगितलं, येईल ते अंगावर घेते. पिलं माझ्या अंगावर पितात.” ढाल थांबली. “पुढचं ऐकायला तिला वेळ नव्हता. अंगावर घेते एवढंच तिनं ऐकलं, मला पालथी घातली आणि पोटात मूठ ठोकली. मग जे यायचं ते आलं. घेतलं मी. बोलले होते ना तसं.”

तलवार हसली, पण ते हसणं नीट उमटलं नाही.

“सगळ्यांचंच काहीतरी होतं आधी. मी विळी होते. लोक माझ्या पाटावर पाय ठेवून बसायचे. त्यापेक्षा हे लाख पटीनं बरं, कुणाचा पाय तरी नाही.” ती वाऱ्यात जराशी कापली. “कोथिंबिरीचा वास यायचा तेवढा. तो काही आता येत नाही. म्हणून मी रडत बसलेय का?”

“मी नाही रडत.”

“मग काय करतेयस? झऱ्याखाली जायचंय तुला. आटलेल्या झऱ्याखाली. आणि तोवर हिनं इथं कोरडं व्हायचं.”

हे लागलं. ढालीला गदा लागल्या होत्या, सुळे लागले होते, पण हे खड्डा न पाडता आत गेलं. ती वेशीला म्हणाली, “मला परत विचार. पहिल्यांदा विचारलं होतं तसं. या वेळी पूर्ण ऐक.”

“पेशा परत विचारत नाहीत,” वेस म्हणाली. “पेशा फक्त मेल्यावर सुटतो.”

ढालीचं मरण कसं असतं, हे त्या राज्यात पोराबाळांनाही ठाऊक होतं. झुंज संपल्यावर रणात ज्या ढाली पोकळी वर करून पडलेल्या दिसत त्यांना उचलत नसत. उताणी ढाल म्हणजे मेलेली ढाल. म्हणून आयुष्यात कितीही मार बसला तरी पालथं राहायचं, पाठ दाखवायची, पोट दाखवायचं नाही, एवढा एकच धडा ढालींना असे. ही ढाल तो इमानानं पाळत आली होती. त्याचा तिला गर्वही होता.

कुपीच्या चिरेतून आता थेंब थांबून थांबून पडत होते. आत थोडंच उरलं होतं.

“आक्का,” कुपी म्हणाली, “त्या पिलांची चोच कशी असते गं? माझ्यासारखी?”

“छे. पिवळी असते. मऊ.”

“हां,” कुपी म्हणाली आणि एका अंगावर कलली. तिला सावरायला ढाल धुळीतून सरकत तिच्याजवळ आली, पाठ पुढं करून. दुसरं काही तिला येत नव्हतं.

“आता कशाला जवळ जातेस?” तलवारीचा तोल गेला. तिच्या पात्याला घाम फुटल्यासारखं दव आलं होतं. “वेस सांगतेय, मी सांगतेय, ही मरतेय ती सांगतेय. शब्द शिरतोय का कुठं? हिला सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.”

त्याच क्षणी कुपीचा एक थेंब ढालीच्या पाठीवर पडला. पाठीच्या फुगवट्यावर तो क्षणभर ठरला, मग खड्ड्याखड्ड्यांतून वाट काढत कडेपर्यंत गेला आणि धुळीत पडून दिसेनासा झाला. चौघींनी तो जाताना पाहिला. दुसरा थेंब चिरेच्या तोंडाशी येऊन लोंबत राहिला. वेशीच्या फटीतून एक चिमणी पलीकडे गेली, आणि वेशीनं तिच्याकडे बघितलं नाही.

“घडा पालथा घातला कुणी, तलवारे?” ढाल म्हणाली. “पेशा सुटला की फाटाही धरायला नको. टोक घाल माझ्या कडेखाली, उताणी कर मला, आणि तिला माझ्यात ओत.”